गावातल्या नोंदी, जगाचं हवामान : मराठवाड्यात कोण कोण मोजतंय?

गोदाकाठ (३ जून, रात्री ९:४०)

मृग चार दिवसांवर आलाय, म्हणून धागा आत्ताच काढतोय. एकदा पेरणीची धांदल सुरू झाली की इथं कोणी फिरकायचं नाही.

हवामान बदल म्हटलं की आपल्यासमोर परिषदा, करार आणि सुटाबुटातली माणसं येतात. पण त्या करारांच्या बुडाशी जे आकडे असतात ते आले कुठून? अमेरिकेत १८९० पासून सरकारी हवामान खात्याचं एक जाळं आहे. त्यात शेतकरी, मास्तर, दुकानदार असे लोक परसातलं तापमान आणि पाऊस रोज लिहून पाठवतात, तेही बिनपगारी. तापमानवाढीचे शंभर-सव्वाशे वर्षांचे आलेख आपण बघतो, त्यात या लोकांच्या वह्या आहेत. ब्रिटनमध्ये मार्च २०२० ला लॉकडाउनमुळे सगळे घरात अडकले, तेव्हा रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी पावसाच्या जुन्या हस्तलिखित नोंदींचे स्कॅन लोकांसमोर ठेवले आणि टाइप करून द्या म्हटलं. सुमारे ६६ हजार कागद होते. १६ हजार स्वयंसेवकांनी ५० लाखांच्या वर आकडे काही आठवड्यांत संगणकात चढवले. त्यामुळे त्यांच्या पावसाचा अधिकृत इतिहास थेट १८३६ पर्यंत मागे गेला.

आता आपलं बघा. हवामान खात्याच्या पावसाच्या नकाशातला एक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा. उपग्रहाचा त्याहून बारीक, १० किलोमीटरचा, तरी त्यात दहा-बारा गावं बसतात. शिवाय उपग्रह पाऊस मोजत नाही, ढगाकडे बघून अंदाज बांधतो. तो अंदाज ताळ्यावर आणायला जमिनीवरचे पर्जन्यमापकच लागतात. आपल्याकडे अनेक गावांच्या महसूल मंडळाला मिळून एक यंत्र. आणि मराठवाड्यातला पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. बांधाच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे फुफाटा.

विभागाची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर. ‘सरासरी गाठली’ अशी बातमी येते त्या वर्षीही निम्म्या शिवारात दुबार पेरणी झालेली असते. म्हणून विचारतोय: स्वतः पाऊस, विहिरीचं पाणी, झाडाचा बहर, पक्ष्यांचं येणं, काहीही नियमानं लिहून ठेवणारे इथं किती जण आहेत? यंदाच्या हंगामापुरती तरी एक समाईक शीट करावी असं मनात आहे.

कोरडवाहू (३ जून, रात्री १०:१५)

लै चांगलं लिवलंय दादा. पण मी औसा तालुक्यातला, मला एक सांगा. सप्टेंबर २०२५ ला सीना, मांजरा, गोदावरी समद्या पात्राबाहेर आल्या. आमच्या शिवारात सोयाबीन कंबरभर पाण्यात व्हतं. मंडळाचं यंत्र हाय तिकडं लांब, माळावर. तिथं पाऊस ६५ मिलिमीटर झाला नाही म्हणून एका दिवशीची अतिवृष्टी आमच्या नावावर लागलीच नाही. त्या टायमाला मी मोजून ठिवलं असतं तर अनुदान मिळालं असतं का? नाही ना? मग मोजून काय उपेग? मोजायचं सायबानं आणि भोगायचं आम्ही, असंच चालायलंय.

सांख्यिकी (४ जून, सकाळी ७:५०)

मूळचा अंबाजोगाईचा, सध्या पोटापाण्यासाठी पुण्यात. आकड्यांचीच नोकरी आहे म्हणून बोलतो.

कोरडवाहू यांचा राग रास्त आहे, पण मला उलटं वाटतं. लोकांनी मोजलेला पाऊस अनुदानाशी जोडला तर तो मोजण्याच्या लायकीचा राहणारच नाही. ६४ मिलिमीटरला एक रुपया नाही आणि ६६ ला मदत, असं असेल तर पर्जन्यमापकाच्या बाटलीत ६४ असताना वहीत ६४ लिहिणारा माणूस मला दाखवा. मी लिहीनच याची मला स्वतःला खात्री नाही. पुढे त्या शीटवर ६५ च्या पुढे आकड्यांची जत्रा भरलेली दिसेल आणि कोणताही संशोधक एका नजरेत ती बाजूला टाकेल. सरकारी केंद्र नेमक्या त्याच जागी का आहे, गावाजवळ आणखी एक का नाही, हा भांडायचा मुद्दा आहेच. ते भांडण वेगळं चालवा. दहा वर्षांच्या स्वच्छ नोंदी हाती असतील तर ‘या मंडळात यंत्राच्या जागेचा पाऊस आणि ओढ्याकाठचा पाऊस सतत वेगळा असतो’ हे पुराव्यानिशी मांडता येईल. एका दिवसाच्या आकड्याला कोणी विचारत नाही.

दुसरं, हवामानाची ‘सरासरी’ ३० वर्षांची धरतात. सध्या १९९१ ते २०२० ची चालू आहे. कुणी एक हंगाम मोजून ‘हवामान बदललं’ म्हणू नये. एका जागेवर, एका वेळी, एकाच पद्धतीनं मोजत राहणं हेच खरं काम. गच्चीवरून पर्जन्यमापक अंगणात आणला तर त्या तारखेची नोंद हवी, नाहीतर पुढचा माणूस म्हणेल की पाऊस वाढला.

मोंढा_नांदेड (४ जून, सकाळी ९:०५)

जगाला धुरानं काळं करणारे वेगळे, आणि बाटल्या घेऊन बसायचं आपण. माझ्या आज्याच्या नावावर एक बैलगाडी होती. त्यानं कुठला कार्बन सोडला? आधी त्यांना म्हणावं, तुमच्या गाड्या बंद करा. (हलकं घ्या, पण पूर्ण हलकंही घेऊ नका.)

गोदाकाठ (४ जून, सकाळी ९:३०)

मोंढाभाऊ, हिशेब त्यांच्याकडून घ्यायचाच, त्यात दुमत नाही. पण हिशेब मागायचा तर आपल्याकडे वही नको का? नुकसानभरपाईचा विषय जागतिक पातळीवर निघतो तेव्हा ‘तुमच्याकडे काय बदललं ते दाखवा’ म्हणतात. तिथं ‘आमच्या लहानपणी असा पाऊस नव्हता’ हे चालत नाही. आफ्रिका काय, आपला भाग काय, ज्यांना झळ जास्त त्यांच्याकडेच मोजणी विरळ आहे.

पिंपळपान (४ जून, दुपारी १:२०)

माझ्या फोनवर काल परभणी ४५ डिग्री दाखवत होतं आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ४९! स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. हे शीटमध्ये टाकू का?

सांख्यिकी (४ जून, दुपारी २:१०)

नको. फोनवरचा आकडा बहुतेक वेळा गणिती मॉडेलचा अंदाज असतो, तुमच्या गल्लीत कोणी थर्मामीटर लावलेला नसतो. गाडीचा आकडा तापलेल्या डांबराचा आणि बॉनेटचा. हवेचं तापमान सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. तेवढी हौस असेल तर पेटी करा, नाहीतर तापमान सोडून द्या. पाऊस त्या मानानं सोपा.

नाथसागर (४ जून, रात्री ८:४५)

पैठणकडचा पक्षीवेडा. पावसाच्या चर्चेत घुसतोय, पण माझा पाहुणा पावसाबरोबरच येतो.

चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. आफ्रिकेतून मान्सूनच्या वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून येतो आणि सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालून मोकळा होतो. (‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ओरडतो तो पावशा, तो वेगळा, दरवर्षी दोघांची गल्लत होते म्हणून सांगतो.) हा कुठे कोणत्या तारखेला दिसला, हे देशभरातल्या लोकांकडून गोळा करायचं काम २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ नावाच्या उपक्रमानं केलं. पुढे त्या नोंदी ‘ई-बर्ड’मध्ये गेल्या. ते कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं २००२ मध्ये काढलेलं आंतरराष्ट्रीय दप्तर आहे. आपल्याकडचा २०२३ चा भारतीय पक्ष्यांचा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा आढावा घेतलाय आणि त्यातल्या १७८ जातींना तातडीनं जपायला हवं असं म्हटलंय. एवढं काम पगारी शास्त्रज्ञांच्या बळावर शंभर वर्षांत झालं नसतं.

पण नकाशा उघडून बघा. पुणे, मुंबई ठिपक्यांनी गच्च. जायकवाडीवर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) बघायला गर्दी होते म्हणून तिथं बरे ठिपके. हिंगोली, परभणीकडे आलात की नकाशा मोकळा. पक्षी नाहीत असं नाही, लिहिणारं माणूस नाही. आणि लिहिताना एक पथ्य: ‘रोहित दिसले’ एवढंच लिहू नका. किती वेळ बघत होतात, किती चाललात, आणि त्या वेळात दिसलेला प्रत्येक पक्षी, चिमणी-कावळ्यासकट. चिमणी लिहायचा कंटाळा करतात लोक, म्हणून चिमणी कमी झाली की वाढली यावर नुसते वाद होत बसतात.

खडूफळा (५ जून, सायंकाळी ६:३०)

जि. प. शाळेवर शिक्षिका आहे, जालना जिल्हा. आमच्याकडे मुलं पर्जन्यमापक वाचतात. वाचायला आवडतंही, आठला येऊन रांग लावतात, कारण पाणी मोजून झालं की ते मोजणाऱ्यानं कुंडीत ओतायचं असा मान आहे. अडचण रविवारची. शनिवारी सकाळी मोजलं की थेट सोमवारी. तेव्हा बाटलीत दोन दिवसांचं पाणी, आणि वहीत सोमवारच्या नावावर धो धो पाऊस! दिवाळीच्या सुट्टीत परतीचा पाऊस आला की ते सगळं एका आकड्यात. आता शाळेजवळच्या एका आजीबाईंना सुट्टीचं काम सोपवलंय. त्यांना आकडे वाचता येत नाहीत, पण त्या दिवसाचं पाणी वारनिहाय वेगळ्या बाटलीत भरून झाकण लावून ठेवतात आणि सोमवारी मुलं मोजतात. ही युक्ती आजींचीच.

झाडांचंही करतो. ‘सीझनवॉच’ म्हणून २०१० पासूनचा उपक्रम आहे. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच झाडाकडे बघून कोवळी पानं, फुलं, फळं ‘नाहीत, थोडी, भरपूर’ एवढंच लिहायचं. तिसरीतलं पोर करू शकतं. केरळात बहावा विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला फुलायचा. तो कितीतरी आधी फुलतो असं याच नोंदींतून पुढे आलं. आमच्या शाळेसमोर कडुनिंब आहे, मुलांनी तोच घेतला. मला पळस हवा होता, पण मतदान झालं.

जपानात क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून मिळतात म्हणे, राजदरबारच्या रोजनिशांतून. २०२१ मध्ये तो बहर २६ मार्चला भरला, बाराशे वर्षांत सर्वांत लवकर. रोजनिशी लिहिणाऱ्यानं हवामान बदलाचा विचार थोडाच केला असेल!

सहा_परस (५ जून, रात्री ९:५५)

कोणी विहिरीचं नाव काढेल म्हणून थांबलो होतो. शेवटी मीच काढतो.

पाऊस आभाळाचा, पण आपला खरा जीव विहिरीत. आपल्याकडे काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमाड, भेगाळ थरात. तो थर पाऊस पडला की भरतो आणि उपसला की तितक्याच लवकर मोकळा होतो. म्हणून १५ दिवसांनी पाणी मोजलं तरी विहीर बरंच बोलते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. मधल्या काळात काय झालं ते विहीरवाल्यालाच ठाऊक. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच्या आधी कितीतरी महिने आमच्या विहिरी एकेक परसानं (परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीइतकं माप) खाली जात होत्या, पण ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

पद्धत सोपी आहे, फक्त शिस्त हवी. कठड्यावर लाल रंगानं एक खूण करा, दरवेळी तिथूनच मोजा. दोरीला वजन बांधून सोडा. आणि मोटार चालू करायच्या आधी मोजा! शेतीची लाइट रात्रीची असेल तर सकाळी विहीर उपसलेली असते, तेव्हा मोजलं तर पाणी दोन परस खाली दिसतं आणि माणूस उगाच हाय खातो. मोटार बंद करून पाणी परत भरेपर्यंत थांबा. भरायला किती वेळ लागला तेही लिहा. माझ्या मते खोलीपेक्षा तोच आकडा जास्त कामाचा.

आंध्रात शेतकऱ्यांनी हेच सात जिल्ह्यांत करून दाखवलं, २००३ च्या पुढे. पाऊस आणि बोअरचं पाणी स्वतः मोजायचं, गावात भिंतीवर लिहायचं आणि रब्बीला काय पेरायचं ते पाणी बघून ठरवायचं. सक्ती कुणावर नाही. आपल्या शेजारी, नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पाणी कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याचं पीक नाही. आमच्या गावात हा विषय काढला तर उसवाले उठून जातात, ते सोडा.

कोरडवाहू (५ जून, रात्री १०:३०)

हे मातर पटलं. ऊसवाल्याच्या बोअरचं बी मोजा म्हणावं. पण मोजू देईल का त्यो?

सहा_परस (५ जून, रात्री १०:४१)

नाही देणार. म्हणून आपलीच विहीर मोजायची. त्याचा उपसा आपल्या दोरीवर दिसतोच.

मांजराकाठी (७ जून, सकाळी ११:००)

एक मुद्दा राहिला. दहा वर्षांनी उपयोग होईल तो होईल, आज रात्रीचं काय? केरळात वायनाडला ह्यूम सेंटर नावाच्या संस्थेनं दोनशेच्या आसपास ठिकाणी पाऊस मोजायची सोय केली आहे, मोजणारे स्थानिक लोक. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कैचा डोंगर खचला, त्याच्या आदल्या दिवशीच त्यांनी प्रशासनाला धोका कळवला होता. त्याच राज्यात मीनचिल नदीच्या वरच्या अंगाची गावं पाऊस मोजून खालच्या गावांना कळवतात. अमेरिकेतलं लोकांचं मोठं पर्जन्यमापक जाळं, ‘कोकोराझ’, त्याचा जन्मही पुरातलाच. २८ जुलै १९९७ ला कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात एका बाजूला प्रचंड पाऊस झाला, पूर येऊन पाच माणसं गेली आणि काही किलोमीटरवर त्या मानानं किरकोळ सर. कुठे किती पडतोय हे वेळेत कळलंच नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या विद्यापीठातल्या नोलन डोस्केन यांनी लोकांना पर्जन्यमापक घेऊन कामाला लावलं.

आपल्याकडे डोंगर खचत नाहीत, पण बालाघाटावर रात्री धो धो पडला की खालच्या ओढ्याकाठच्यांना सकाळी जनावरं वाहून गेल्यावर कळतं. वरच्या चार गावांतल्या चार माणसांनी रात्री ११ ला बाटली बघून ग्रुपवर आकडा टाकला तरी खालचा माणूस बैल सोडून ठेवील. मोजणीची शिस्त वेगळी, ही सूचना वेगळी. दोन्ही चालू देत.

सांख्यिकी (७ जून, दुपारी १२:१५)

पूर्ण सहमत. फक्त रात्री ११ ला बाटली *बघा*, रिकामी करू नका. रिकामी सकाळीच.

मोडीवाचक (८ जून, सायंकाळी ५:२०)

गोदाकाठ यांनी ब्रिटनच्या जुन्या कागदांचं लिहिलं, त्यावरून सुचलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. महसुली दप्तर उर्दूत, त्याआधीचं बरंचसं मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला तहसिलातले गठ्ठे सोडले गेले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना केवढा भाव आला होता! त्या गठ्ठ्यांत पिकांच्या आणेवारीचे, पाण्याच्या टंचाईचे, पावसाचे कागद सापडले तर त्यांचे फोटो काढून वाचन करायला मी तयार आहे. परवानगीची खटपट मात्र कोणीतरी करावी. मला कचेरीच्या पायऱ्या चढायचा आता कंटाळा आहे.

गोदाकाठ (८ जून, रात्री ९:००)

मोडीवाचक, परवानगीच्या मागे मी लागतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बाकी मंडळींनी व्यनित विचारलं की विकतचा पर्जन्यमापक नसेल तर काय. घरचा चालतो. तोंडाचा व्यास ११.३ सेंटिमीटर असलेलं नरसाळं घ्या, त्याचं क्षेत्रफळ जवळपास १०० चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे बाटलीत जमलेले दर १० मिलिलिटर म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. मापाला फवारणीच्या औषधाचं मापाचं झाकण घेऊ नका, विषारी असतं आणि जाडंभरडंही. मेडिकलमधून नवी सिरिंज आणा. दुसऱ्या मापाचं नरसाळं असेल तर त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४, त्याला १० नं भागा, तेवढे मिलिलिटर म्हणजे १ मिलिमीटर. १५ सेंटिमीटरच्या नरसाळ्याला साधारण १७.७ येतात.

नरसाळं उथळ नको, जोराच्या पावसात थेंब उडून बाहेर जातात. बाटली दोन लिटरची घ्या, कारण एक लिटरची १०० मिलिमीटरला भरते आणि आपल्या सप्टेंबरचा भरवसा नाही. जागा मोकळी, जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर. बाटली अर्धी मातीत रोवा म्हणजे वाऱ्यानं आणि कोंबड्यांनी पडणार नाही. वेळ सकाळी ८:३०, हवामान खातं हीच वेळ पाळतं. आणि आज ८:३० ला मोजलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा, पडला काल रात्री असला तरी.

कोरडवाहू (९ जून, सकाळी ७:१५)

एक शंका. आमच्या गावाचा आकडा मंडळापेक्षा कमी निघाला आणि ती शीट कुणी आमच्याच इरोधात वापरली तर? ‘बघा, तुमच्याच माणसानं कमी पाऊस लिवलाय’ म्हणून?

सांख्यिकी (९ जून, सकाळी ८:०५)

ही शंका मला आधीच सुचायला हवी होती, इतकी खरी आहे. माझं मत: शीटवर गाव असावं, शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर नसावा. हंगाम चालू असताना शीट फक्त मोजणाऱ्यांनाच दिसावी. दिवाळीनंतर सगळ्यांना खुली करावी, म्हणजे अभ्यासाला मिळते आणि चालू वर्षाच्या भांडणात कोणी ओढत नाही. मांजराकाठी यांच्या पुराच्या सूचनांचा ग्रुप मात्र पूर्ण वेगळा ठेवा.

मोंढा_नांदेड (९ जून, सकाळी ८:४०)

दिवाळीनंतर खुली केली तरी जो वापरायचा तो पुढच्या वर्षी वापरेलच. मी तरी नाव घालणार नाही. वाचत राहीन.

गोदाकाठ (९ जून, सकाळी ९:१०)

मोंढाभाऊ, तुमची मर्जी. बाकीच्यांनी सांख्यिकींचा तोडगा मान्य केला असं धरतो. शीटचे रकाने: तारीख, गाव, पाऊस मिलिमीटरमध्ये, शेरा. विहिरीची वेगळी, पंधरवड्याची. सध्या परभणी, लातूर, जालना, बीडचे लोक आहेत. हिंगोली आणि धाराशिवचं कोणी असेल तर हात वर करा.

खडूफळा (१० जून, सकाळी ८:५०)

आज पहाटे नुसती भुरभुर आली. अंगण ओलं झालं, नरसाळ्याच्या काठावर थेंब आहेत, पण बाटलीत सिरिंजनं ओढण्याइतकंही पाणी नाही. मुलांचं भांडण चाललंय, निम्मी म्हणतात शून्य लिहा, निम्मी म्हणतात पाऊस तर पडला. काय लिहू?

सांख्यिकी (१० जून, सकाळी ९:००)

‘ट्रेस’ लिहा. बेरजेत तो शून्यच धरतात, पण रकान्यात शून्य लिहू नका. दोन्ही बाजूची मुलं बरोबर आहेत म्हणून सांगा. आणि नरसाळं पुसून घ्या, उद्याच्या आकड्यात आजचे थेंब नकोत.